तीन रकान्यांची वही

हळद शिजायला लागली की मला अजून परीक्षा आठवते. वय तिशीला टेकलं. आता मी परीक्षा देत नाही, घेते. तरी फेब्रुवारीत शिवारातून तो ओलसर, मातकट, किंचित कडू वास आला की आपला एक पेपर राहून गेलाय असं वाटायला लागतं, आणि हातातलं काम सोडून मी उगाच घड्याळाकडं बघते.

वसमतकडच्या आमच्या भागात परीक्षा आणि हळद एकाच वेळी येतात. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी पोचतं त्या गावांत जानेवारीत हळदीचा पाला कापतात, मग जमीन उकरून गड्डे काढतात, आणि बारावीचं हॉलतिकीट हातात पडतं त्या सुमाराला अंगणात बॉयलर तापलेला असतो. वाफेचा फुसफुस आवाज दिवसभर. ओसरीवर पोती, अंगणात शिजलेल्या हळकुंडांचे ढीग, माळवदावर वाळवण. माणसांचे हात, धोतरं, पोळीच्या कडा, सगळं पिवळं. त्या दिवसांत आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची.

माझ्यासाठी मात्र बाबांनी मागची खोली रिकामी करून दिली होती. बारावीचं वर्ष, म्हणून. खोलीला एक खिडकी, तिला गज, आणि दाराला बाहेरून कडी. ती कडी बाबा सकाळी स्वतः लावत. कोंडायचं म्हणून नाही. येणाजाणाऱ्यानं आत डोकावू नये, पोरीचं ध्यान मोडू नये म्हणून. माय जेवायच्या वेळी कडी काढायची. एवढ्या मायेनं लावलेली कडी उघडा असं म्हणायला तोंड कुठून आणायचं?

खरं तर अडकले होते मी दोन वर्षं आधीच. दहावीला आमच्या गावच्या शाळेतून पहिली आले. मुख्याध्यापक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले की पोरीला सायन्सला घाला. बाबांनी हो म्हटल्यावर मला ते कळलं. गावच्या फाट्यावर अभिनंदनाचा फलक लागला, त्यावर माझा फोटो, शाळेच्या ओळखपत्रावरचा, डोळे अर्धवट मिटलेला. जीपमधून वसमतला कॉलेजात जाताना रोज त्या फलकाखालून जावं लागायचं. जीपमधले लोक विचारायचे, डॉक्टर होणार का? मी मान डोलवायची.

अकरावीच्या पहिल्या दिवशी सर वर्गात आले आणि इंग्रजीत बोलायला लागले. सर चांगले होते, हे मुद्दाम सांगते. तळमळीनं शिकवायचे. पण दहावीपर्यंत सगळं शास्त्र मी मराठीत शिकलेली. फळ्यावरचं उतरवता यायचं, बोललेलं नाही. मग मी सरांच्या तोंडून येणारे आवाजच देवनागरीत लिहून घ्यायला लागले. रेट ऑफ चेंज ऑफ व्हेलॉसिटी. इनर्शिया. घरी येऊन ते वाचायचे. आवाज तेवढे उरलेले असायचे, अर्थ वर्गातच राहिलेला. वर्गात हसणाऱ्या पोरींबरोबर मीही अर्धा क्षण उशिरा हसायची.

दोन महिन्यांनी एकदा मायला म्हणाले, मला आर्ट्सला जाऊ दे. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाबाला सांगू नको. फलक तर उतरू दे." तो फलक दिवाळीनंतर वाऱ्यानं फाटला. तोवर फॉर्म भरायच्या सगळ्या तारखा गेल्या होत्या.

माझ्या नववी-दहावीच्या वह्या मायनं एका पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या होत्या. तिला अक्षरओळख जेमतेम, पण लिहिलेला कागद ती कधी चुलीत घालायची नाही. एका रविवारी मी ते पोतं उतरवलं. विज्ञानाची नववीची वही, वर तपकिरी कागद, आत माझंच गोल गोल अक्षर. वेगबदलाचा दर म्हणजे त्वरण. मी ते वाक्य तीन-चारदा वाचलं. सर महिनाभर जे सांगत होते ते मला दोन वर्षांपूर्वी येत होतं. मी ते घोटून घोटून लिहिलं होतं, खाली लाल शाईत बाईंनी 'छान' असा शेराही मारला होता. मला हसू आलं नाही, रडूही नाही. कुणीतरी ओळखीचं माणूस परगावच्या बाजारात भेटावं तसं झालं.

त्या दिवसापासून वही दप्तरात. पण लाज वाटायची. कॉलेजात नववीची वही घेऊन येणारी पोरगी म्हणजे पाटी घेऊन आलेली. मी तिला नवं गुळगुळीत कव्हर घातलं, वर इंग्रजीत फिजिक्स लिहिलं आणि बाकाखाली मांडीवर ठेवून बघायला लागले.

असंच एकदा बघताना शेजारच्या बाकाकडं नजर गेली. भिंतीकडेला बसणारी, कधीच हात वर न करणारी एक मुलगी. तिच्याही मांडीवर वही होती, आणि ती वहीची पानं उलटीकडून उलटत होती. तिनं मला बघितलं आणि वही झाकली. मी माझी थोडी वर धरून दाखवली. मग तिनंही दाखवली. तिची उर्दूत होती.

ही समीना. वसमतचीच. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. तिचे अब्बा वेल्डिंगचं काम करायचे. हळद शिजवायच्या टाक्या, बॉयलर तयार करायचे. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी अंगणांत त्यांच्या हातचा बॉयलर होता, आमच्याही. पहिल्या दिवशी आम्ही मधल्या सुट्टीत बोललो ते एकाच शब्दावर. फ्रिक्शनला तुमच्यात काय म्हणतात, तिनं विचारलं. मी म्हणाले, घर्षण. ती म्हणाली, आमच्यात रगड. आम्ही दोघी कितीतरी वेळ हसलो. घर्षण शब्द मी पाठ केला होता, रगड तर आमची माय रोज म्हणायची, भांडं रगडून घास म्हणून.

मग वही केली. लांब, दोनशे पानी. पट्टीनं रेषा मारून तीन रकाने: इंग्रजी, मराठी, उर्दू. डावीकडून मी लिहीत यायची, उजवीकडून ती. उर्दू शब्दाखाली ती मला कळावं म्हणून मराठीत उच्चार लिहायची. डेन्सिटी, घनता, कसाफत. सेल, पेशी, खलिया. इनर्शिया, जडत्व, जमूद. शब्दापुढं आपापल्या जुन्या वहीतली व्याख्या, आकृती, सोडवलेलं उदाहरण. एखादी गोष्ट माझ्या वहीत नीट नसली तर तिच्या वहीत सापडायची. तिच्या शाळेतल्या सरांनी भिंगाच्या आकृत्या इतक्या सुंदर काढून घेतल्या होत्या की त्या बघूनच प्रकाश वाकतो कुठं ते कळायचं.

वही दोन-दोन दिवस एकीकडं. शनिवारी आम्ही तिच्या अब्बांच्या कारखान्यात, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये, एका पालथ्या टाकीवर बसून लिहायचो. चाचा काम करता करता ऐकायचे. सातवीत शाळा सुटलेला माणूस. एकदा समीना मला कसाफत समजावत होती, तर त्यांनी हातातलं काम थांबवलं, डोळ्यावरची काळी काच वर केली आणि म्हणाले, "फिरसे बोल बेटा." तिनं परत सांगितलं. त्यांनी लोखंडाच्या तुकड्याकडं आणि बाजूच्या लाकडाकडं बघितलं, मान डोलावली आणि पुन्हा काच खाली घेतली.

ती एकदा आमच्या गावीही आली. अकरावीचंच वर्ष, हळदीचेच दिवस. मायनं तिला जेवू घातलं, चोळीचा खण द्यायला निघाली होती, मी थांबवलं. समीनानं अंगणातला बॉयलर बघितला, जवळ गेली, जोडावरून हात फिरवला आणि बाबांना म्हणाली, काका, इथं जरा झिजून राहिलाय, पुढच्या साली अब्बाला दाखवा. मग माझी खोली बघितली. तेव्हा ती अजून अर्धी कोठार होती. खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "एवढी शांती हाय इथं. आमच्या घरात तर नऊ माणसं." मला ती खोली आवडत नव्हती.

बारावीचं वर्ष कसं सरलं ते आठवत नाही. आठवते ती भीती. पूर्वपरीक्षेत मला भौतिकशास्त्रात फार कमी गुण पडले, समीनाला माझ्याहून बरे. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की वही जास्त तिच्याकडंच राहते. तसं काही नव्हतं. पण भीतीला हिशेब लागत नाही.

परीक्षा तोंडावर आली आणि कॉलेज सुटलं. शेवटची अदलाबदल ठरली होती: रविवारी वही माझ्याकडं, मंगळवारी मी वसमतला जाऊन तिला द्यायची, शुक्रवारी ती परत मला. मंगळवारी सकाळी मी चप्पल घातली नाही. घरात हळद शिजत होती, जीपला गर्दी असेल, ऊन फार आहे, अशी कारणं मी मनातल्या मनात मांडत राहिले. बाबांनी कडी लावली. मी वही उघडून बसले.

बुधवारी दुपारी बाबा खिडकीशी आले. गजांतून फोन आत धरला. "समीनाचा हाय."

मी फोन घेतला नाही. हळूच म्हणाले, "सांगा, वावरात गेली म्हनून."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. ते दोन पावलं बाजूला गेले, आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, वावरात गेली बेटा, सांगतो आल्यावर. फोन खिशात टाकून ते परत खिडकीशी आले.

"काहून?"

"अभ्यास करून राहिले."

ते बॉयलरकडं निघून गेले. संध्याकाळी फोन पुन्हा वाजला. या वेळी ते खिडकीशी आलेच नाहीत. मला न विचारता त्यांनी अंगणातूनच तेच सांगितलं. माझ्यामुळं त्यांना ते एका दिवसात जमायला लागलं होतं.

त्यानंतर फोन आला नाही. वही माझ्याकडं नऊ दिवस होती. मी ती उघडून बसायची आणि शब्दांवरून डोळे फिरायचे, आत काही उतरायचं नाही. उजवीकडचा रकाना दिसला की तिचा फोन आठवायचा. मग मी मराठीचा रकाना हातानं झाकून पाठ म्हणायची, उर्दूचा झाकायची, आणि शेवटी सगळंच पान झाकून बसायची. खिडकीतून वाफ आत यायची. बाहेर बायका हळद पसरत गप्पा मारायच्या, मी ऐकत राहायची. खोलीला कडी नसती तरी मी कुठं जाणार होते?

भौतिकशास्त्राच्या पेपरला समीना केंद्राच्या फाटकाशी उभी होती. डोळे सुजलेले. मी घाईघाईनं वही पुढं केली, हळद होती, गाडी मिळाली नाही, असं काहीबाही बोलले. तिनं वही न उघडता पिशवीत घातली.

"असू दे. पेपर बराबर लिही."

पेपर हातात आला. शब्द सगळे ओळखीचे होते. इतके ओळखीचे की प्रत्येकाचे तिन्ही रकाने मला दिसत होते. पण प्रश्न काय विचारतोय ते कळत नव्हतं. मी पहिलं पान भरलं, दुसरं भरलं, मग पेन ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. वेळ संपल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत असं मला तेव्हा वाटत होतं. कुणाला विचारायचाही धीर झाला नाही.

मी त्या विषयात नापास झाले. समीना पास झाली, चांगली पास झाली.

निकाल मे अखेरीस लागला, पण मला तो आधीच माहीत होता; तो उन्हाळा मी त्याच खोलीत काढला. आता बाहेरून कडी कुणी लावत नव्हतं, मी आतून लावायची. फाट्यावरून जायला नको म्हणून कुणाच्या लग्नाला गेले नाही, बाजारला गेले नाही. मायनं वह्यांचं पोतं पुन्हा माळ्यावर टाकलं. बाबांनी एकदाही रागावून विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी समीना आली. तिच्या अब्बांच्या टेम्पोतून, आमच्या शेजारच्या गावाला टाकी पोचवायची होती म्हणून. चाचा खाली उतरले तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी, सुरकुतलेला दिसला. वाफेनं भाजला, ती म्हणाली. कधी, मी विचारलं. परीक्षेच्या टायमाला, ती म्हणाली, आणि पिशवीतून वही काढली. मी दिवस जुळवून बघितले नाहीत. ते सहज जुळले असते.

ती जुलैच्या फेरपरीक्षेपर्यंत आठवड्यातून दोनदा आली. वही तिनं माझ्या हातात दिलीच नाही. स्वतःच्या मांडीवर पालथी ठेवायची आणि म्हणायची, आता तुझ्या मायला समजंल असं सांग. मी अडखळायची. ती थांबायची. जडत्व मला त्या खोलीत, माझ्याच भाषेत, माझ्याच तोंडानं पहिल्यांदा समजलं: धक्का लागल्याशिवाय थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते. मी पास झाले. शेवटच्या दिवशी ती वही सोडून गेली. मला पाठ हाय, म्हणाली.

पुढं मी बी.एस्सी. केली, एम.एस्सी. केली. तिन्ही रकाने दोन्हीकडं कामी आले. समीनानं नांदेडला प्रयोगशाळेचा कोर्स केला. आता परभणीला एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासते, दोन लेकरं आहेत. ईदला आणि दिवाळीला आमचा फोन होतो, घरच्यांची विचारपूस होते. त्या नऊ दिवसांबद्दल मी कधी बोलले नाही. बोलायचं ठरवून फोन लावायची, आणि लेकरांच्या तब्येतीवर येऊन थांबायची.

आता मी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात मला वह्यांत ते दिसतं: इंग्रजी आवाज, देवनागरी अक्षरं. मी त्या पोरापोरींना सांगते, नववी-दहावीच्या वह्या घेऊन या, लाजू नका, रद्दीत घातल्या असतील तर मोठ्या भावंडांच्या आणा. ते आणतात. पोत्यातल्या, पेटीतल्या, कुणाकुणाच्या उंदरांनी कुरतडलेल्या. वर्ग बोलायला लागतो. यंदा प्राचार्यांनी शिक्षकांच्या बैठकीत माझं नाव घेतलं. ही कल्पना कशी सुचली ते मॅडमनी सर्वांना सांगावं, म्हणाले. मी उभी राहिले आणि सांगितलं, माझी एक मैत्रीण होती. एवढं बोलून मी खाली बसले. लोकांना वाटलं, मैत्रीण वारली असावी. एका बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

त्याच रविवारी मी गावी गेले. हळद शिजत होती. बाबा आता खुर्चीत बसून नुसती देखरेख करतात. मागच्या खोलीत पुन्हा पोती आली आहेत. मी पोत्यांच्या मधे उभी राहून समीनाला फोन लावला. ईद नव्हती, दिवाळी नव्हती; तिनं आधी घाबरून विचारलं, सगळे बरे हायत ना?

मी एका दमात सांगितलं. बारावीला वही तुला द्यायची होती, मी दिली नाही, मुद्दाम दिली नाही. तू फोन केलास वहीसाठी.

"कोणती वही?" ती म्हणाली. मग तिला आठवलं. "अगं, तो फोन वहीसाठी न्हवता."

मग तिनं सांगितलं, साध्या आवाजात, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं. त्या बुधवारी सकाळी शेडमध्ये एक बॉयलर तपासताना जोड फुटला आणि अब्बांचा हात भाजला. त्यांना नांदेडला नेलं. घरात मामा-मावश्या, त्यांची लेकरं, बघायला येणारे लोक. बसायला कोपरा नव्हता, पुस्तक उघडलं की कुणीतरी चहा सांगायचं. "तुज्या त्या खोलीत चार दिवस येऊन राहू का, एवढंच विचारायचं होतं. तू वावरात होतीस. म्हनलं, यांच्याकडं हळद हाय, उगाच तकलीफ कशाला." मग ती शेडला बाहेरून कुलूप लावायला सांगून, पत्र्याच्या उन्हात, त्या पालथ्या टाकीवर बसून अभ्यास करत राहिली. दिवसभर.

तिथं मला थांबता आलं असतं. तिनं मला वहीबद्दल माफही करून टाकलं होतं, न मागता. इतक्या वर्षांनी ती अजून मला वावरातच समजत होती.

"मी वावरात नव्हते," मी म्हणाले. "ह्याच खोलीत होते. बाबांना मीच तसं सांगायला लावलं. दोन्ही वेळा."

पलीकडं काहीतरी यंत्र घरघरत होतं. कुणीतरी तिला हाक मारली, ती हिंदीत म्हणाली, आती हूँ, दो मिनिट. पण गेली नाही. मी गजांना धरून उभी होते. मग तिचा आवाज आला.

"मग एवढी वही जवळ ठेवून नापास कशी झालीस गं?"

ती हसत होती की नाही, ते मला आवाजावरून कळलं नाही. तिनं फोन ठेवला नव्हता.